घारीचा ठणका

पाखराचं दुखणं त्याला सांभाळणाऱ्याच्या अंगात उतरवणारी मनगटावरची पट्टी पिंजरा उघडण्याआधी काढायची, हा पक्षी-उपचार केंद्राचा नियम. मृदुलानं ती काढली नाही, बाहीखाली लपवली. मांज्यानं पंख चिरलेली घार उडून गेली, पण घरी मृदुलाचा डावा खांदा अजून ठणकत होता. तिला एका जागी बसवेना. भाकरी थापतानाही नजर सारखी खिडकीबाहेर जायची.

"अगं, काढून टाक ती पट्टी," तिचा नवरा श्रीपाद वैतागला. "किती सोसशील?"

"दुखतंय ना? म्हणजे घार आहे अजून, कुठंतरी."

भाकरी तव्यावर टाकताना ठणका एकदम थांबला. तिचा हात तसाच राहिला.

"बरं वाटतंय?" श्रीपादनं हसून विचारलं.

मृदुला उजव्या हातानं खांदा दाबत राहिली, दुखावं म्हणून.