काळ्याला मारलं नव्हतं

सोलापुरातल्या त्या सभागृहात घोंगडी पांघरून आलेला माणूस एकच होता, आणि तोही पहिल्या रांगेत. त्याला मागे न्यायला त्याचा मुलगा जोतिराम मघापासून धडपडत होता.

“आई, आप्पास्नी मागं बसवू. मधीच उटून कायतरी बोलले, तर तायडीची सगळ्यांम्होरं शोभा हुईल.”

“हुईना का,” राजाबाई म्हणाली. “लेक बोलणार आन् बाप मागं बसणार व्हय? गप बस.”

जोतिरामने नाद सोडला. राजाबाईपुढे आजवर कुणाचं चाललंय! मंगळवेढ्याच्या माळावर नवऱ्याच्या बरोबरीने मेंढरं राखून तिने लेकीला डॉक्टरेटपर्यंत पोचवलं होतं, आणि त्याचा तोरा ती लपवत नसे. तिचा नवरा, सिद्धाप्पा, मान वर करून छताचे पंखे बघत होता. विसरण्याच्या आजाराने त्याचं बरंच काही नेलं होतं. बायकोला तो अजून ओळखायचा. लेकीला गेल्या दिवाळीपासून नाही. अलीकडे तर हाती घेतलेलं वाक्यही धड पुरं व्हायचं नाही.

मंचावर ऋतुजा बोलत होती. पुण्याच्या प्रयोगशाळेत ती याच आजारावर काम करते.

“आपल्या मेंदूत राखणदार पेशी असतात,” ती सांगत होती. “जंतू आला, घाण साठली, की एक जनुक त्यांना हाळी देतं, उठा! त्या उठतात, साफसफाई करतात आणि पुन्हा शांत होतात. या आजारात ती हाळी थांबतच नाही. मग राखणदारच चवताळतात आणि मेंदूतल्या चांगल्या पेशींनाही चावे घेत सुटतात.”

मागून गुरम्मा नावाची एक बाई उठली. तिच्या सासूला हाच आजार होता. “मग ते जनुकच बंद करून टाका की, ताई. कटकटच नको!”

लोक हसले. ऋतुजाही हसली.

“उंदरांमध्ये तेही करून बघितलं आम्ही. राखणदार झोपून राहिले आणि घाण साठतच गेली.” ती घोटभर पाणी प्यायली. “आमच्याकडे काळ्या नावाचं कुत्रं होतं. एकदा कळपात लांडगा शिरला, आणि तेव्हापासून ते असं बिथरलं, की त्यानं आमचंच कोकरू धरलं. सगळे म्हणाले, आता याला मारायलाच पाहिजे...”

“मारलं न्हाय!”

सिद्धाप्पा उभा राहिला होता. घोंगडी खांद्यावरून घसरून खाली पडली होती. जोतिरामने त्याची बाही ओढली. “आप्पा, बसा की खाली.” मागे कुणीतरी फिसकन हसलं. संयोजक लगबगीने पुढे आले.

ऋतुजाने त्यांना हातानेच थांबवलं. गुरम्माच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे तयार होतं, चित्रांसकट. ते तिने बाजूला ठेवलं आणि ती मंचाच्या कडेला आली.

“मग काय केलं?” तिने विचारलं.

सिद्धाप्पाने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत ओळख नव्हती. त्याचे ओठ हलले, पण शब्द येईना. जोतिरामने डोळे मिटून घेतले. राजाबाईने मात्र पदर मुठीत धरला आणि ती नवऱ्याकडे बघत राहिली, जणू तिच्या बघण्यानेच वाक्य पुरं होणार होतं.

“मारलं तर...” तो अडखळला. “मारलं, तर राखण कोण करंल? मेंढरांच्या मधी बांदलं त्येला. मेंढीचं दूद पाजलं. हुंगू दे म्हनलं. आपलं कुटलं आन् लांडग्याचं कुटलं, ते त्येला परत कळाय पायजे की.” तो थांबला. मग समाधानाने म्हणाला, “कळलं त्येला.” आणि आपला आपणच खाली बसला.

गुरम्मा अजून उभीच होती.

“आमच्या प्रयोगशाळेत हेच चाललंय,” ऋतुजा गुरम्माला म्हणाली. “ते जनुक मारायचं नाही. त्याची हाळी कुठे थांबवायची, ते शोधायचं. औषध अजून हातात नाही, खोटं कशाला सांगू? पण शोधायची वाट हीच. मला ती दाखवणारे हे माझे वडील आहेत. त्यांनाही हाच आजार आहे.”

हे ती चारचौघांत प्रथमच बोलली होती. टाळ्या सुरू झाल्या तशी राजाबाई मागे वळली आणि कोण वाजवतंय, कोण नाही, ते तिने नीट बघून घेतलं. जोतिरामने घोंगडी उचलली, झटकली आणि बापाच्या खांद्यावर घातली. सिद्धाप्पाचं लक्ष पुन्हा पंख्यांकडे गेलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर ऋतुजा सत्काराची शाल तशीच अंगावर घेऊन खाली आली आणि बापाच्या पाया पडली. तो संकोचला. पाय मागे घेत म्हणाला, “लई चांगलं बोललीस, बाई. कुणाची लेक तू?”

“अवो, तुमची...” राजाबाई बोलायला गेली. ऋतुजाने तिचा हात दाबला. बापाला अजून काहीतरी म्हणायचं होतं, आणि ते तिला ऐकायचं होतं.

सिद्धाप्पाने खांद्यावरची घोंगडी काढली. माळावरचा मेंढपाळ अंगावरची घोंगडी सहसा कुणाला देत नाही. त्याने ती शालीवरूनच लेकीच्या खांद्यावर घातली आणि दोन्ही बाजूंनी नीट ओढून दिली.

“तुज्या बापाला सांग,” तो म्हणाला, “सिद्धाप्पा म्हनत हुता, पोरीनं बापाचं नाव काडलं.”

“सांगते,” ऋतुजा म्हणाली.

“आजच सांग. लई खूश हुईल म्हातारं.”