मागितल्याशिवाय नाही

ठकीने केळ्यांच्या घडाकडे बोट दाखवलं आणि तिचे आजोबा लगबगीने उठले. चाळीस वर्षं खाणावळ चालवलेला माणूस. गिऱ्हाईक बसायच्या आत टेबल पुसलेलं, तोंड उघडायच्या आत पाणी समोर. कुणाला काही मागावं लागलं, तर त्यांना तो स्वतःचा अपमान वाटायचा. ठकी तर सख्खी नात. तिला तीन वर्षं होत आली होती आणि तिने अजून एक शब्द काढला नव्हता. काढायची गरजच काय पडली होती?

"बाबा, देऊ नका," त्यांची सून, ठकीची आई, म्हणाली.

दुपारची गर्दी ओसरली होती. ठकीला समोर बसवून ती चमचे पुसत होती आणि तोंडाचा पट्टा चालूच होता. "हा मोठा चमचा. हा छोटा. हा अजून ओला आहे. कुठे ठेवूया?" प्रत्येक वेळी ती थांबायची, जणू पोरगी आता उत्तर देणारच.

कोपऱ्यातलं रोजचं गिऱ्हाईक हसलं. "वहिनी, त्यापेक्षा भिंतीशी बोला. भिंतीला निदान कान असतात."

"हिलाही आहेत. तपासून आणलेत," ती म्हणाली. "तुमचा चहा गार होतोय."

सासऱ्यांनी तोवर केळं सोललं होतं. तिने ते त्यांच्या हातातून घेतलं. "काय हवंय, ठके?" आणि थांबली. इतकी थांबली की तिच्या नवऱ्याने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. ठकीने बोट दाखवलं, पाय आपटले, मग भोकाड पसरलं.

"लेकराला तरसवतेस?" सासऱ्यांचा आवाज चढला. "या घरात कुणी कुणापुढे हात पसरलेला नाही."

"हात नाही, तोंड उघडायला सांगतेय मी."

"अगं, दे ना एकदाचं," नवरा म्हणाला.

"आणि शाळेत? तिथे हिचं पोट दुखलं तर कोण ओळखणार? तुम्ही दोघं जाऊन बसणार आहात शेजारी?" तिने केळं ताटलीत ठेवलं. "मला भीती वाटते, बाबा. म्हणूनच देणार नाही."

"मग उद्यापासून पोरीला इथे आणायचं नाही. माझ्या खाणावळीत कुणी तिष्ठत बसलेलं मला चालत नाही."

"आणणार," ती म्हणाली. "आणि रोज विचारणार."

सासऱ्यांनी खांद्यावरचं फडकं टेबलावर आपटलं. ते घसरून खाली पडलं. ठकीचं रडणं एकदम थांबलं.

तेवढ्यात दोन माणसं जेवायला आली आणि दारापाशीच्या टेबलाजवळ उभी राहिली. टेबलावर आधीच्या जेवणाचा चुरा तसाच होता. सासऱ्यांचा हात सवयीने खांद्यावर गेला. फडकं तिथे नव्हतं. ते ठकीच्या हातात होतं. त्यांनी बोट दाखवलं, चुटकी वाजवली, हात पुढे केला.

ठकीने फडकं पाठीमागे लपवलं.

"काय अवंय?"

कोपऱ्यातला कप बशीवर टेकला. नवरा भानावर आला आणि ओल्या हातांनीच पुढे धावला. "बाबा, हे घ्या दुसरं."

"कुणी काही देऊ नका," सून म्हणाली. ती नवऱ्याच्या आणि सासऱ्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

ठकी वाट पाहत होती, आईसारखीच मान जरा तिरकी करून. दारापाशीची माणसं ताटकळली होती. सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं, मग टेबलाकडे. चाळीस वर्षांत या खोलीत त्यांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. त्यांनी घसा खाकरला.

"फडकं," ते म्हणाले. "मला फडकं हवंय, ठके."