अठरा पूर्ण

“अठरा पूर्ण नाहीत, मग मी तरी काय करू?” पुण्याहून आलेले साहेब म्हणाले. “कारखान्याचा नियम आहे. अठराच्या आत नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर आमच्या बास्केटबॉल टीममध्येही नाही. वर्षभर कॉलेजात खेळ. शिक. पुढच्या डिसेंबरात मी धुळ्याला परत येतोच आहे.”

शिक! पितांबर मनातल्या मनात फिस्सकन हसला. कोणाकडून शिकायचं? ह्या कॉलेजात? अख्ख्या टीममध्ये त्याच्या खांद्याला लागेल असा एक माणूस नव्हता. लीलाधर सर मूळचे खो-खोवाले. बास्केटबॉल ते पुस्तकातून शिकले होते आणि पुस्तक वाचल्यासारखाच शिकवायचे. आणि तो पारोळ्याचा लोटन! वीतभर पोरगं, रिंगकडे बघायचं तर मान दुखत असेल त्याची. तिकडे पुण्यात लाकडी फळ्यांचं मैदान, महिन्याचा पगार, गावोगावचे दौरे. इकडे मुरूम, फक्कीच्या रेघा आणि मॅच चालू असताना मधूनच चालत जाणाऱ्या कोणाच्या तरी शेळ्या.

हे सगळं बापाच्या कृपेने. पितांबर खरा एकोणीस वर्षांचा होता. दोंडाईच्याजवळच्या त्याच्या खेड्यात शाळेत नाव घालताना बापाने, हिलाल आबांनी, मास्तरांना गळ घालून दोन वर्षं कमी लावून घेतली होती. जन्मतारीख एक जून, म्हणजे वर्गातल्या निम्म्या पोरांची होती तीच. पितांबरने घरी जाऊन जाब विचारला, तर आबा वर तोंड करून म्हणाले, “अरे, सरकारी नोकरी लागनी तं दोन वरीस जास्ती करशी ना भाऊ!”

घ्या! पोराच्या नोकरीचा पत्ता नाही आणि हा माणूस त्याच्या रिटायरमेंटची सोय करून बसलेला. पितांबरने कपाळाला हात लावला. असल्या माणसाशी बोलण्यात काय अर्थ होता?

मग वर्षभर तो मैदानावर असा यायचा, जणू कॉलेजवर उपकार करतोय. रिंगखाली जाऊन उभा राहायचा आणि एक हात वर करायचा. बॉल आणून द्यायचं काम लोटनचं. समोरचे तिघे-तिघे पितांबरला घेरून उभे असायचे. लोटन त्यांच्या काखेतून, पायांमधून, कधी पाठीमागून, कसाही बॉल पोचवायचा. पितांबर नुसता वळायचा आणि रिंगमध्ये टाकायचा. टाळ्या त्याला. एखादा पास चुकला की सगळ्यांदेखत ओरडायचा, “हात मोडले का रे तुझे, बुटक्या?” लोटन म्हणायचा, “चुकलं, भाऊ,” आणि पुन्हा पळायला लागायचा.

सुरुवातीला लीलाधर सरांनी सांगून पाहिलं. “पितांबर, बाहेर येऊन खेळ. डावा हात वापर. बचावाला मागे पळ जरा.”

“कशाला, सर? पॉइंट होतायत ना?”

पॉइंट होत होते खरे. आंतरमहाविद्यालयीन ढाल पहिल्यांदाच प्राचार्यांच्या खोलीत आली, सरांच्या गळ्यात हार पडला, आणि त्यानंतर सरही काही बोलेनासे झाले. एका ढालीवर विकला गेला माणूस, पितांबरला वाटलं. त्याला त्या ढालीची, हाराची, पेढे वाटणाऱ्या प्राचार्यांची, सगळ्यांचीच कीव आली. आपण इथले नाही, आपण फक्त वाट बघतोय, असं तो स्वतःला रोज सांगायचा.

डिसेंबरात साहेब आले. ह्या खेपेला त्यांच्यासोबत कारखान्याच्या टीममधले दोघे होते, दोघेही पितांबरएवढेच उंच. ते त्याच्यासमोर उभे राहिले आणि रिंग दिसेनाशी झाली. बॉल हातात आला तर पितांबरला त्याचं काय करायचं ते कळेना. डावीकडे वळला की बॉल गेलाच. थोड्या वेळात त्याला धाप लागली. बाजूला लोटन मात्र त्याच दोघांमधून बॉल काढत होता आणि ज्याला त्याला हातात नेऊन देत होता.

साहेबांनी शिट्टी वाजवली. आधी लोटनला बोलावलं. “उंच पोरं माझ्याकडे ढीगभर आहेत. त्यांना बॉल पोचवणारा नव्हता. तू चल पुण्याला.”

लोटन गोंधळून पितांबरकडेच बघत राहिला. पितांबरने तोंड फिरवलं.

“आणि तू,” साहेब त्याच्याकडे वळले. “उंचीशिवाय काय आहे तुझ्याकडे? गेल्या वर्षी पळत तरी होतास. वर्षभर नुसता उभा राहिलास.” त्यांनी हातातल्या कागदावर त्याचं वय पाहिलं. “पण अठराचा आहेस. ह्या वयात माणूस वळतो. घेतो तुला. पहिलीपासून शिकवीन. तयार आहेस?”

नोकरी हातात होती. नुसतं हो म्हणायचं होतं. पण पहिलीपासून! आणि तेही ह्या बुटक्यासमोर! पितांबरच्या अंगाचा तिळपापड झाला.

“अठरा कसले, साहेब,” तो फणकाऱ्याने म्हणाला. “मी काही पोरसोर नाही. वीस पूर्ण झालेत मला. आमच्या बापाच्या अडाणीपणामुळे शाळेत दोन वर्षं कमी लागली.”

बापाच्या येडपटपणावर साहेबही हसतील म्हणून तो स्वतःच आधी हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत एकदा नीट पाहिलं.

“वीस?” ते म्हणाले. “विसाव्या वर्षी तुला एवढंच येतं? मग राहू दे.”