काढता पाय

"दुसऱ्या गिअरातच ठेवा, पाव्हणं," सारिकाचे वडील शेजारच्या सीटवरून म्हणाले. मुलगी हवी असेल तर आधी त्यांचा फरशीनं भरलेला ट्रक घाट उतरवून दाखवायचा, अशी त्यांची अट होती. मी पहिलं वळण घेतलं.

"आता काढता पाय घ्या."

एवढ्या लवकर नकार येईल असं वाटलं नव्हतं. "काही चुकलं का, मामा?"

"चुकंल. आधी पाय काढा."

"सारिकाला काय सांगू?"

"तिचा काय संबंध हितं?"

मी निमूटपणे दोन्ही पाय सीटवर घेतले, एका हातानं स्टिअरिंग धरलं आणि दुसऱ्यानं उतरायला दार उघडलं. तेवढ्यात इंजिन घुमलं आणि ट्रक आपोआप बैलगाडीच्या चालीनं उतरू लागला. ब्रेकला मी शिवलोसुद्धा नव्हतो.

"अस्सं. ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनच गाडी धरतंय, ब्रेक तापत न्हाईत," ते खुशीत म्हणाले. "पण दार कशाला उघडलं?"

"वारं यावं म्हणून."

त्यांनी घरी फोन लावला. "पोरगं पसंत हाय. भर उतारात मांडी घालून बसतंय."