एकमत

सगळ्यांचे हात वर होते. कौशल्याचा तेवढा मांडीवर.

हुडको वसाहतीतल्या शाळेच्या मैदानात पालक अंतर राखून बसले होते. दीड वर्ष शाळा बंद होती. वॉर्डात आता कोरोनाचा रुग्ण उरला नव्हता. पालकांनी एकमतानं हो म्हटलं, तर सोमवारी वर्ग भरणार होते.

"कौशल्याबाई, तुमचं कावून अडलं?" समितीचे अध्यक्ष विजयकुमार म्हणाले.

"मले भेव लागते."

एप्रिलमध्ये तिचा नवरा तेजराम प्लांटच्या ड्यूटीवरून ताप घेऊन आला आणि आठवड्याभरात गेला. घरात आता ती आणि चौथीतली उन्नती, दोघीच.

शेजारची भाग्यश्री जवळ सरकली. तिचा पीयूष उन्नतीच्याच वर्गात होता. "माहा पीयूष पाढे विसरला वं. दिवसभर मोबाइल घेऊन बसून राहते. अन् तुही पोरगी घरात बोलते कोणाशी, सांग बरं?"

कौशल्यानं मान खाली घातली. उन्नती हल्ली बापाच्या फोटोशी बोलायची. हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं.

"तुमची एकटीच थोडी जाऊन राहिली?" विजयकुमार समजुतीनं म्हणाले. "आमचेबी पोट्टे हायेत ना. जे सगळ्यांचं होईन, ते तुमचं."

तिला धीर आला. तेजराम गेला तेव्हा गल्लीत एक दार उघडलं नव्हतं. आज तीच गल्ली तिच्यासाठी खोळंबली होती. तिनं हात वर केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सोमवारी सकाळी तिनं उन्नतीच्या आखूड झालेल्या गणवेशाची दुमड उसवली, वेण्या घातल्या, मास्क ओढून बसवला. दारात तिचा पाय अडला. पण चारचौघांत हो म्हटलं होतं. निघाली.

उन्नती धावतच वर्गात गेली. कौशल्या फाटकाशी थांबली. घंटा झाली, तरी रस्ता मोकळाच.

"बाकीचे?" तिनं मॅडमना विचारलं.

मॅडमनी नजर चुकवली. "सकाळपासून फोन येऊन राहिले. विजयकुमारजींचा, भाग्यश्रीचा, सगळ्यांचाच. म्हणतात, आठ दिवस उन्नतीले येऊ द्या. तिले काही नाही झालं, तर आमचे पाठवू."