चुलींची मोजणी

“भांड वं माय, जरा जोरानं भांड,” लीलाबाई सुनेला समजावत होती. “अशी पुटपुटशीन तं साहेब म्हनन, मायलेकी गोष्टी करून राहिल्या.”

“माह्यानं नाई होत, आत्याबाई,” सुमन म्हणाली. “तुमाले काय म्हनू मी?”

“म्हन, का ही म्हातारी मले उपाशी ठेवते.”

सुमनला हसू फुटलं. सकाळीच सासूनं बळजबरीनं तिच्या ताटात तिसरी भाकर वाढली होती.

मध्य प्रदेशातल्या तिगाव स्टेशनापासून कोसभरावरच्या त्या मराठी वस्तीत गेले चार दिवस घरोघर भांडणं लागली होती, आणि सगळी लटकी. कारण सरकारी होतं. साल १९८६. जिल्ह्याच्या आराखड्यात या गावासाठी पाच वर्षांत बांधायच्या घरांचा आकडा आला होता, अकरा. त्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला छिंदवाड्याहून साहेब आले आणि शाळेच्या ओसरीत बसले. भाऊराव उभा राहिला. संत्र्यांच्या बगिच्यात मजुरी करणारा हा माणूस वस्तीत मात्र पुढारी होता.

“अकरानं काय होते, साहेब? एकेका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं राहून राहिले.”

साहेबांनी कागदावरून मान वर केली नाही. “जितने अलग चूल्हे, उतने परिवार,” ते हिंदीत म्हणाले. “सोमवार को आकर गिनूँगा. जो गिनती निकलेगी, वही आँकड़ा ऊपर जाएगा.”

सोबत पांढुर्ण्याच्या कचेरीतले मोतीरामबाबू होते. त्यांनी ते मराठीत सांगितलं आणि ओसरीत कोपरखळ्या सुरू झाल्या. साहेबांना मराठीचा गंध नाही, ही मोठीच सोय होती.

“चुलीच पाह्यजे ना? मंग करून टाकू वेगळ्या!” भाऊराव साहेबांच्या तोंडावर म्हणाला. साहेब शांतपणे लिहीत राहिले.

लीलाबाईसाठी मात्र हा खेळ नव्हता. सुमनला सातवा महिना होता. घर म्हणजे एकच खोली, मधे लुगड्याचा पडदा. अलीकडे लीलाबाई, पलीकडे तिचा मुलगा प्रकाश आणि सुमन. पाळणा बांधायचा तर कोणीतरी अंगणात निजणं आलं. मुलाला आणि सुनेला स्वतःचं दार असावं, एवढीच तिची इच्छा होती. त्यासाठी गावभर वाईट सासू म्हणून नाव व्हायचं असेल तर खुशाल होऊ दे, असं तिनं ठरवून टाकलं.

सोमवारी साहेब आले ते वही-पेन्सिल घेऊनच. माणूस कडक दिसला. चुलीत वाकून राख बघायचा, तिखट-मिठाचे डबे वेगळे आहेत का ते उघडून बघायचा. भाऊरावकडे दोघं भाऊ इतक्या मनापासून भांडले की धाकट्याचा सदराच फाटला.

“हळू बे, नवा हाय!” धाकटा ओरडला.

साहेबांना नेमका तेव्हाच ठसका लागला. त्यांनी रुमाल तोंडावर धरला.

मग लीलाबाईचं घर. खोलीत दोन कोपऱ्यांत दोन चुली धुमसत होत्या. लीलाबाईनं पदर खोचला आणि सुरुवात केली. “माह्या सोन्यासारख्या पोराले फितवलं हिनं! एका चुलीवर नाई राहत मी हिच्यासंग!”

आता सुमनची पाळी होती. ती सासूकडे पाहू लागली.

“बोल वं, काईबी बोल,” भाऊराव दारातून म्हणाला. “साहेबाले थोडंच समजते!”

सुमननं डोळे गच्च मिटले. “ही... ही म्हातारी लय...” तेवढ्यात नव्या चुलीतून धुराचा लोट आला आणि लीलाबाईला खोकल्याची उबळ आली. सुमन सगळं विसरली. पाण्याचा गिलास घेऊन धावली, सासूच्या पाठीवरून हात फिरवू लागली. “बसा, आत्याबाई, खाली बसा. राहू द्या ते भांडन.”

भाऊरावनं कपाळावर हात मारला. “गेलं घर!”

साहेबांची पेन्सिल थांबली. “यह क्या है?”

“सर, सास के मुँह पर पानी फेंकने जा रही थी,” मोतीरामबाबू घाईनं म्हणाले. “मैंने रोका.”

ते तर अजून उंबऱ्याबाहेरच होते. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, नव्या चुलीच्या कडेला बोट लावून पाहिलं, वही मिटली आणि बाहेर पडले. सुमन रडू लागली.

“रडू नोको, माय,” लीलाबाई तिचे डोळे पुसत म्हणाली. “मी निजन आंगनात. मले हवा लागते तिथं.”

दुपारी ओसरीत साहेबांनी यादी वाचली. एकेक नाव येत होतं आणि लोक बोटं मोजत होते. लीलाबाई सुनेचा हात धरून मागे उभी होती. यादीतली शेवटची दोन नावं आली.

“लीलाबाई, अलग. प्रकाश और सुमन, अलग. गाँव की माँग इकतीस.” साहेबांनी खाली सही केली.

अकराचे एकतीस! ओसरीत टाळ्या वाजल्या. लीलाबाईनं सुमनला सगळ्यांदेखत पोटाशी धरलं, मग घाबरून सोडून दिलं.

“लय भोळा निंगाला बे साहेब,” भाऊराव त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवत सगळ्यांना म्हणाला. “डोळ्यादेखत फसवलं!”

“बिचाऱ्याले हसू नोका,” लीलाबाई म्हणाली. “साखर टाका त्याच्या चहात अजून एक चमचा.”

साहेबांनी चहा संपवला, सगळ्यांना नमस्कार केला आणि ते जीपमध्ये बसले. लीलाबाई हात जोडून रस्त्याच्या कडेला उभी होती. जीप सुरू झाली, तसे ते बाहेर वाकले.

“लीलाबाई, नवी चूल वली हाय अजून, आत्ताच जाळसान तं तडकन,” साहेब म्हणाले. “चार दिस दोघीजनी एकाच चुलीवर रांधा. अन् पोरीले भांडाले लावू नोका, तिले जमत नाई.”