धूळ धरायची बरणी

पुण्याहून आलेल्या डॉ. आगाशे पंचफुलाबाईंच्या घराच्या स्लॅबवर उघड्या तोंडाची काचेची बरणी ठेवत होत्या. महिनाभर तिच्यात धूळ साचणार होती आणि त्या धुळीचं वजन कोळसा खाणीविरुद्धच्या सुनावणीत मांडायचं होतं. गावाच्या हाती दुसरा पुरावाच नव्हता.

“बरणी कायले जी, मॅडम?” पंचफुलाबाईंनी विचारलं.

“प्रयोग आहे. तुम्हाला नाही कळायचं,” आगाशे प्रेमाने म्हणाल्या. खाणपट्ट्यातल्या माणसांचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. तो त्यांनी पुण्यात बसूनच पूर्ण केला होता. या माणसांना शास्त्र समजावून उपयोग नसतो, धुळीची त्यांना सवय झालेली असते आणि स्वच्छतेचं तर नावच नको. तेव्हा बरणीला इथे कोणी हात लावण्याचा प्रश्नच नव्हता.

सुनावणीच्या आदल्या दिवशी त्या परतल्या, तेव्हा बरणी दुकानातून नुकतीच आणल्यासारखी लखलखत होती. तळाशी धुळीचा कणसुद्धा नव्हता.

“रोज सकाळी राखेनं घासली,” पंचफुलाबाई पदराला हात पुसत अभिमानाने म्हणाल्या. “येका रातीत काळी होत होती, पण म्या सोडली नाही.”

आगाशेंनी बरणी उलटी करून पाहिली. “अहो, पण कशासाठी?”

“कशासाठी मंजे? नायतं तुमी पुण्याले जाऊन सांगसान, का आमच्या घरी धूळच धूळ हाय मनून.”